शूटिंग कच्चं असलेला खेळाडू ड्राफ्टमध्ये घ्यावा का? जोखीम जोखण्याची पद्धत

दर जूनमध्ये एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, आधी संघांसमोर असा एक तरी मुलगा येतोच. उंची साडेसहा फुटांच्या आसपास, हातांचा आवाका त्याहून मोठा, डिफेन्सला खमक्या, सरावाला कधी उशीर नाही, कोच भरभरून बोलणारे. अहवालाच्या शेवटी मात्र एक ओळ असते: शूटिंगवर काम करावं लागेल. ती ओळ वाचूनही संघ त्याला घेतात, कारण बाकीचं सगळं डोळ्यांत भरणारं असतं.

२०१२ साली शार्लटने हेच केलं. त्या मोसमात ६६ पैकी फक्त ७ सामने जिंकलेल्या या संघाच्या हातून लॉटरीत (निवडीचा क्रम ठरवणाऱ्या सोडतीत) पहिला क्रमांक गेला आणि त्याबरोबर अँथनी डेव्हिसही गेला. दुसऱ्या क्रमांकावर त्यांनी केंटकी विद्यापीठाच्या मायकल किड-गिलख्रिस्टला निवडलं. तिसरा ब्रॅडली बील निवडला गेला, सहावा डेमियन लिलर्ड, पस्तिसावा ड्रेमंड ग्रीन. किड-गिलख्रिस्टने कष्टात कुठेही कसूर केली नाही. स्वतःच्या कारकिर्दीत ९० टक्क्यांहून जास्त फ्री थ्रो (फाउलनंतर रेषेवरून मिळणारे मोकळे शॉट) मारलेले मार्क प्राइस त्याचा शॉट दुरुस्त करायला त्याच्यासोबत राबले. डिफेन्समध्ये तो खरोखरच चांगला होता. तरीही पहिल्या तीन वर्षांत मिळून त्याने जेमतेम वीसेक थ्री (तीन गुणांच्या रेषेबाहेरून मारायचे शॉट) मारून पाहिले. पुढे खांद्याच्या दुखापती आल्या, आणि सत्ताविशी गाठण्याआधीच एनबीएतला त्याचा शेवटचा सामना होऊन गेला.

मला या विषयाची कळकळ वाटते ती अशा मुलांमुळे. चुकीच्या क्रमांकावर, चुकीच्या संघात पडलेला मेहनती खेळाडू वर्षानुवर्षं टीकेचा धनी होतो. "हा पुढे शूटिंग शिकेल का?" या प्रश्नाचं खात्रीचं उत्तर ड्राफ्टच्या रात्री कुणाकडेच नसतं. मात्र "शिकलाच नाही तर हा मैदानावर नेमकं काय करेल, आणि तेवढ्या कामासाठी हा क्रमांक खर्चणं परवडेल का?" याचं उत्तर बऱ्यापैकी काढता येतं. ते कसं काढायचं, ते इथे क्रमाने सांगतो. ड्राफ्ट आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या सुमाराला सुरू होतो. त्याआधी एकेका खेळाडूमागे अर्धा-पाऊण तास दिला तरी पुरे.

पहिली पायरी: शूटिंग नसलं की नुकसान कुणाचं होतं ते पाहा

बहुतेक जण नुकसान त्या खेळाडूच्या गुणांत मोजतात, आणि तिथेच गफलत होते. ज्याला शूटिंग येत नाही तो शॉट मारतच नाही, त्यामुळे त्याची टक्केवारी फार वाईटही दिसत नाही. नुकसान होतं ते उरलेल्या चौघांचं.

कॉर्नरमध्ये (रिंगकडच्या बाजूच्या कोपऱ्यात) उभा असलेला खेळाडू थ्री मारू शकत असेल तर त्याच्या डिफेंडरला त्याच्यापासून दोन-तीन पावलांपलीकडे जाता येत नाही. मारू शकत नसेल तर तो डिफेंडर सरळ रिंगखाली येऊन उभा राहतो. नियमानुसार कुणाला जवळून न अडवता पेंटमध्ये (रिंगसमोरच्या रंगवलेल्या चौकोनात) तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही, पण एक पाय आत, एक पाय बाहेर करत तो हे सहज निभावतो. मग तुमचा सर्वांत चांगला ड्रायव्हर आत घुसला की समोर एकाऐवजी दोघं. त्याने बॉल बाहेर फेकला तर तो मोकळ्या पण न मारणाऱ्या हातात जातो.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण २०१५ च्या प्लेऑफमध्ये (साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांत) सापडतं. गोल्डन स्टेटविरुद्धच्या मालिकेत मेम्फिस २-१ ने पुढे होतं. मेम्फिसचा टोनी अ‍ॅलन रिंगपासून दूर, बाहेर अडवणाऱ्या त्या काळातल्या सर्वोत्तम डिफेंडरांपैकी एक, आणि त्याने गोल्डन स्टेटच्या गार्डांना (बाहेरून बॉल खेळवणाऱ्या खेळाडूंना) हैराण केलं होतं. चौथ्या सामन्यात गोल्डन स्टेटने आपला सात फुटी सेंटर (रिंगजवळ खेळणारा सर्वांत उंच खेळाडू) अँड्र्यू बोगट अ‍ॅलनवर लावला. लावला म्हणजे नावापुरता. अ‍ॅलन बाहेर मोकळा उभा, आणि बोगट रिंगखाली मेम्फिसचे मार्क गॅसोल आणि झॅक रँडॉल्फ यांच्या वाटेत. अ‍ॅलनला मोकळे शॉट मिळत राहिले, ते पडेनात, आणि त्याला बाहेर बसवायची वेळ आली. तो बाहेर बसला म्हणजे त्याचा डिफेन्सही बाहेर बसला. गोल्डन स्टेटने हा सामना धरून सलग तीन सामने आणि शेवटी विजेतेपदही जिंकलं.

म्हणून पहिली नोंद अशी करा: हा मुलगा कॉर्नरमध्ये उभा आहे आणि त्याचा डिफेंडर रिंगखाली आहे, असं धरून त्याच्या संघाचा हल्ला मनात चालवून पाहा. साखळी सामन्यांत हे झाकून जातं, कारण रोज वेगळा प्रतिस्पर्धी आणि तयारीला एखादा दिवस. प्लेऑफमध्ये एकाच संघाविरुद्ध सातपर्यंत सामने असतात, आणि कच्चा दुवा दुसऱ्या सामन्यापर्यंत सापडलेला असतो.

दुसरी पायरी: थ्रीच्या टक्क्यांआधी फ्री थ्रो पाहा

हा या सगळ्या पद्धतीचा गाभा, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

२०१५ च्या ड्राफ्टमधली तीन नावं घ्या. दहाव्या क्रमांकावर मायामीने जस्टिस विन्स्लोला घेतलं. ड्यूक विद्यापीठातल्या एकमेव मोसमात त्याचे थ्री ४१.८ टक्के, फ्री थ्रो ६४.१ टक्के. अकराव्या क्रमांकावर इंडियानाने टेक्सस विद्यापीठाचा माइल्स टर्नर घेतला: थ्री फक्त २७.४ टक्के, फ्री थ्रो ८३.९. तेराव्यावर फीनिक्सने केंटकीचा डेव्हिन बुकर घेतला: थ्री ४१.१, फ्री थ्रो ८२.८. नुसते थ्री पाहिले तर विन्स्लो आणि बुकर सारखे, आणि टर्नर दोघांच्या कितीतरी मागे. पुढे झालं ते असं: विन्स्लोने पहिल्या मोसमात २७.६ टक्के थ्री मारले, बुकर लीगमधल्या मोठ्या स्कोअररांपैकी एक झाला, आणि टर्नर सेंटर असूनही नियमित थ्री मारणारा खेळाडू झाला. फ्री थ्रोचा आकडा सांगत होता तेच घडलं.

२०१८ मध्ये तर जोडी आणखी जवळची होती. दुसऱ्या क्रमांकावर सॅक्रामेंटोने मार्विन बॅगलीला घेतलं: थ्री ३९.७ टक्के, फ्री थ्रो ६२.७. चौथ्यावर मेम्फिसने जॅरेन जॅक्सन ज्युनियरला घेतलं: थ्री ३९.६, फ्री थ्रो ७९.७. पहिल्या एनबीए मोसमात बॅगली ३१.३ टक्क्यांवर आला आणि जॅक्सन ३५.९ वर राहिला. (सॅक्रामेंटोचे मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले. हाच संघ ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये इंडियानाविरुद्ध खेळायला आला होता, त्यामुळे आपल्याकडच्या अनेकांना हा संघ जवळचा वाटतो. बॅगलीच्या पाठोपाठ तिसऱ्या क्रमांकावर लुका डॉन्चिच गेला, ती सल सॅक्रामेंटोच्या चाहत्यांना अजून आहे.)

२०१७ मध्ये फिलाडेल्फियाने बॉस्टनशी सौदा करून पहिला क्रमांक मिळवला आणि मार्केल फुल्ट्झला घेतलं: थ्री ४१.३, फ्री थ्रो ६४.९. बॉस्टनने तिसऱ्या क्रमांकावर जेसन टेटम घेतला: थ्री ३४.२, फ्री थ्रो ८४.९. फुल्ट्झच्या शॉटची जी वाताहत झाली तिला खांद्याजवळच्या नसांचा आजारही कारण होता, हे विसरून चालणार नाही. पण खूण आधीपासून कागदावर होती. त्याच वर्षी चौथा गेलेला जॉश जॅक्सन: कॅन्ससमध्ये थ्री ३७.८, फ्री थ्रो ५६.६. फीनिक्समधल्या पहिल्या मोसमात थ्री २६.३ टक्के.

असं का होतं? फ्री थ्रो नेहमी त्याच अंतरावरून, त्याच लयीत, समोर हात नसताना मारायचा असतो. तिथे नशिबाचा आणि शॉटच्या निवडीचा भाग कमी, हाताच्या सफाईचा भाग जास्त. शिवाय चांगल्या आणि वाईट खेळाडूंतलं अंतर तिथे मोठं असतं: कुणी ५०, कुणी ९०. थ्रीमध्ये बहुतेक जण २८ ते ४२ च्या पट्ट्यात असतात, त्यामुळे छोटीशी लाट आली तरी वाईट शूटर चांगला भासतो.

माझी विभागणी अशी: ८० च्या वर असेल तर थ्रीचे वाईट टक्के फारसे मनावर घेऊ नका. ७० ते ८० मध्ये पुढच्या पायऱ्या नीट पाहा. ६० ते ७० मध्ये थ्रीचे चांगले टक्केही संशयाने पाहा. साठच्या खाली असेल तर तो शूटर होणारच नाही असं धरून बाकीचा हिशेब करा.

अपवाद आहेत आणि ते मान्य करायलाच हवेत. आरन गॉर्डनने अ‍ॅरिझोनात अवघे ४२.२ टक्के फ्री थ्रो मारले होते. एनबीएच्या पहिल्याच मोसमात तो ७२ च्या पुढे गेला, आणि २०२४-२५ मध्ये त्याने ४३.६ टक्के थ्री मारले. उलट बाजूला किड-गिलख्रिस्टचे कॉलेजमधले फ्री थ्रो ७४.५ टक्के होते, म्हणजे या एकाच चाळणीतून तो आरामात निसटला असता. म्हणूनच पुढच्या चाळण्या.

तिसरी पायरी: नमुना किती छोटा आहे ते गणिताने पाहा

कॉलेजचा एक मोसम म्हणजे तीस-पस्तीस सामने. अनेक मुलं त्यात शंभर थ्रीसुद्धा मारत नाहीत. एक सोपं सूत्र लक्षात ठेवा: १ ला प्रयत्नांच्या वर्गमुळाने भागा. जे येईल तेवढा फरक निव्वळ योगायोगाने दोन्ही बाजूंना पडू शकतो. १०० प्रयत्न असतील तर दहा टक्के, ४०० असतील तर पाच. बॅगलीचे प्रयत्न होते ५८, म्हणजे तेरा टक्के. त्याचे ३९.७ हे २७ च्या किंवा ५३ च्या शूटरचेही असू शकले असते. अशा आकड्यावर दुसरा क्रमांक लावायचा नसतो.

मग आकडा वापरायचा कसा? मी प्रत्येक खेळाडूच्या खात्यात २०० काल्पनिक थ्री टाकतो. त्यांचे टक्के फ्री थ्रोवरून ठरवतो: ८० च्या आसपास किंवा वर असेल तर ३६, सत्तरीत ३३, साठीत ३१, त्याखाली २९. हे माझे ढोबळ आकडे आहेत, कुणी आपापल्या अनुभवाने बदलावेत. आता करून पाहू.

विन्स्लोने ११० पैकी ४६ मारले होते. फ्री थ्रो साठीत, म्हणून २०० वर ६२ जोडा: ३१० पैकी १०८, म्हणजे ३४.८ टक्के. टर्नरने ६२ पैकी १७. फ्री थ्रो ८० च्या वर, म्हणून ७२ जोडा: २६२ पैकी ८९, म्हणजे ३४.०. कागदावर चौदा टक्क्यांचं अंतर होतं, ते एका टक्क्याच्याही आत आलं. जॉश जॅक्सनचे ९० पैकी ३४, अधिक २०० पैकी ५८: ३१.७ टक्के. जॅरेन जॅक्सनचे ९६ पैकी ३८, अधिक ७२: ३७.२. बॅगली ३२.९.

यातून आणखी एक-दोन टक्के वजा करा. एनबीएची थ्रीची रेषा वरच्या भागात २३ फूट ९ इंचांवर आहे. कॉलेजची रेषा २०१९ पर्यंत २० फूट ९ इंचांवर होती आणि आता आंतरराष्ट्रीय मापाची, २२ फूट पावणेदोन इंचांची आहे. जुन्या खेळाडूंशी तुलना करताना हे तीन फूट विसरलं की हिशेब चुकतो.

चौथी पायरी: मारायला धजतो का?

टक्क्यांइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे प्रयत्नांची संख्या. वाईट टक्क्यांनी भरपूर मारणाऱ्या मुलाला डिफेंडर निदान थोडं तरी धरून उभा राहतो. जो मारतच नाही, त्याला कुणी धरत नाही.

बेन सिमन्सने एलएसयूमध्ये (लुइझियाना स्टेट विद्यापीठात) अख्ख्या मोसमात तीनच थ्री मारून पाहिले, त्यातला एक आत गेला. २०१६ मध्ये तो पहिला निवडला गेला, २०१८ मध्ये सर्वोत्तम नवोदित ठरला, आणि साखळीतला पहिला थ्री त्याने नोव्हेंबर २०१९ मध्ये टाकला. पासिंग, डिफेन्स, वेग, सगळं पहिल्या दर्जाचं. पण २०२१ मध्ये अटलांटाविरुद्धच्या प्लेऑफनंतर त्याची गाडी रुळावरून घसरली. त्या वर्षीच्या प्लेऑफमध्ये एकूण त्याने ७३ पैकी २५ फ्री थ्रो मारले, ३४.२ टक्के. सातव्या सामन्यात रिंगखाली समोर फक्त ट्रे यंग असताना त्याने डंक न मारता बॉल पास केला. फाउल होऊन रेषेवर जावं लागण्याची भीती अशी चार पावलं पुढचा खेळही खाऊन टाकते. पुढच्या फेब्रुवारीत त्याला ब्रुकलिनला पाठवलं गेलं.

म्हणून प्रत्येक खेळाडूबद्दल तीन गोष्टी लिहा: दर सामन्याला किती थ्री मारतो, मोकळा पास आल्यावर लगेच मारतो की बॉल खाली टेकवून विचार करतो, आणि लागोपाठ दोन-तीन चुकल्यावर पुढचा मारतो का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही तक्त्यात नसतं. सामना पाहावा लागतो.

पाचवी पायरी: व्हिडिओ पाहताना काय शोधायचं

शॉट दिसायला सुंदर आहे की नाही, याला फार किंमत देऊ नका. टायरीस हॅलिबर्टनचा शॉट २०२० मध्ये अनेकांना खटकला होता. बॉल छातीजवळून ढकलल्यासारखा निघायचा. पण कॉलेजच्या शेवटच्या मोसमात त्याचे थ्री ४१.९ टक्के आणि फ्री थ्रो ८२.२ होते. बारावा गेला, पहिल्याच वर्षी ४० टक्क्यांच्या वर मारले. विचित्र पण दर वेळी सारखाच असलेला शॉट चालतो.

घातक असतं ते मध्येच अडखळणं. किड-गिलख्रिस्टचा बॉल डोक्याशी जाताना हात मध्येच थांबायचा, कोपर वळायचं आणि मग मनगट सुटायचं. फ्री थ्रोला वेळ असतो, त्यामुळे ही अडचण तिथे झाकली जायची. धावत आलेल्या डिफेंडरसमोर तीच उघडी पडायची. म्हणून एकाच सामन्यातले त्याचे सगळे शॉट सलग पाहा आणि चार ठिकाणी नजर ठेवा: पाय दर वेळी सारखे पडतात का, बॉल खालून वर एकाच ओघात जातो का, सोडताना दुसऱ्या हाताचा अंगठा बॉलला ढकलतो का, आणि चुकलेले शॉट पुढे-मागे जातात की डावी-उजवीकडे. अंतराची चूक दम वाढला की कमी होते. दिशेची चूक बहुधा रचनेत असते आणि तिला वर्षं लागतात.

रिंगजवळचा मऊ स्पर्शही पाहा. धावत जाऊन टाकलेला फ्लोटर (उंच, हलका शॉट), डाव्या-उजव्या कुठल्याही हाताने बोर्डवर ठेवलेला लेअप. ज्याच्या बोटांत ही नजाकत आहे, त्याचा शॉट पुढे सुधारण्याची आशा जास्त.

सहावी पायरी: त्याची जागा कोणती आणि शूटिंगविना त्याचं काम काय

सर्व न-शूटर सारखे नसतात. सेंटरला बाहेरून मारता आलं नाही तरी चालतं. स्क्रीन लावून (सहकाऱ्याच्या डिफेंडरच्या वाटेत उभं राहून) रिंगकडे धावणं, लॉब म्हणजे रिंगजवळ उंच फेकलेला पास पकडणं, रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं), शॉट अडवणं, एवढ्यावर त्याचं पोट भरतं. त्याच्याबाबतीत फक्त फ्री थ्रो पाहा. २०१६ मध्ये नियम बदलून प्रत्येक क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत बॉलपासून दूर मुद्दाम केलेल्या फाउलची शिक्षा वाढवली, तरी उरलेल्या वेळात ती चाल अजून खेळता येते. दोन फ्री थ्रो ५० टक्क्यांनी म्हणजे सरासरी एक गुण. बहुतेक संघांना तेवढं देणं परवडतं.

बॉल हातात ठेवून खेळणारा गार्ड किंवा फॉरवर्ड (गार्ड आणि सेंटर यांच्या मधल्या जागेचा खेळाडू) मधल्या जोखमीचा. त्याच्यासाठी संघ बांधता येतो, पण तो खरोखर त्या योग्यतेचा हवा. जानिस आंतेतोकुंपोसाठी मिलवॉकीने चारही बाजूंना शूटर उभे केले. तरीही २०१९ मध्ये टोरोंटोने त्याच्यासमोर भिंत उभी करून मालिका फिरवली. २०२१ च्या निर्णायक सामन्यात ५० गुण करताना त्याने १९ पैकी १७ फ्री थ्रो मारले, तेव्हा कुठे विजेतेपद आलं. असा खेळाडू पिढीत एखादाच. प्रत्येक लांब हातांच्या मुलाला त्याची उपमा देणं थांबवायला हवं.

सगळ्यात जास्त जोखीम विंगवर (बाजूला खेळणाऱ्या खेळाडूवर) असते: बॉल हातात नसणारा, डिफेन्ससाठी घेतलेला, साडेसहा फुटी मुलगा. किड-गिलख्रिस्ट, विन्स्लो, जॉश जॅक्सन, तिघेही याच गटातले. अँड्रे रॉबरसनही याच गटातला. २०१७ च्या प्लेऑफमध्ये ह्यूस्टनविरुद्ध त्याने २१ पैकी ३ फ्री थ्रो मारले. अव्वल डिफेंडर असूनही त्याला कधी मैदानावर ठेवायचं, हा कोचला रोजचा पेच झाला होता.

इथे कागदावर एक वाक्य पूर्ण करा: "शॉट कधीच आला नाही, तरी हा मुलगा संघाचा हल्ला चालू असताना ____ करेल." अमेन थॉम्पसनसाठी ते पूर्ण होतं. २०२३ मध्ये तो चौथा गेला, पहिल्या मोसमात त्याने अवघे १३.८ टक्के थ्री मारले. पण वेगाने मैदान पार करणं, रिंगच्या बाजूला दबा धरून बसणं, आक्रमक रिबाउंड, स्क्रीन लावून आत शिरून पास देणं, ही कामं त्याला येतात. दुसऱ्याच मोसमात तो लीगच्या पहिल्या डिफेन्सिव्ह संघात आला. रिकाम्या जागेत "डिफेन्स" याशिवाय काही लिहिता येत नसेल, तर खेळाडूला यादीत दहा-पंधरा जागा खाली सरकवा.

सातवी पायरी: तो कोणत्या संघात जाणार आहे

एक न-शूटर झाकता येतो, दोन झाकणं कठीण. तुमचा सेंटर आधीच रिंगखाली उभा राहणारा असेल तर न-शूटर विंग त्याच्याच जागेवर येऊन आदळतो. आरन गॉर्डन ऑरलँडोत वर्षानुवर्षं चाचपडत होता. डेन्व्हरला निकोला योकिच बाहेर उभा राहून पास देणारा सेंटर असल्यामुळे रिंगजवळची जागा मोकळी होती, ती गॉर्डनला मिळाली, आणि २०२३ मध्ये विजेतेपदही.

ओक्लाहोमा सिटीने उलट बाजूने हेच केलं. जॉश गिडी त्यांचाच सहाव्या क्रमांकाचा ड्राफ्ट. २०२४ च्या प्लेऑफमध्ये डॅलसने त्याला मोकळं सोडून शे गिल्जस-अलेक्झांडरभोवती गर्दी केली, आणि गिडीची मैदानावरची मिनिटं मालिकेत घटत गेली. त्याच जूनमध्ये त्याला शिकागोला देऊन अ‍ॅलेक्स करूसो घेतला, आणि पुढच्या वर्षी विजेतेपद जिंकलं. गिडीचंही भलं झालं. शिकागोत त्याचे थ्री ३७.८ टक्क्यांवर गेले. वेळेवर केलेला सौदा दोघांच्याही पथ्यावर पडला.

शूटिंग शिकवणारा कोच कोण आहे, हेही पाहा. कवाय लेनर्डचे सॅन डिएगो स्टेटमधल्या दोन मोसमांचे थ्री जेमतेम २५ टक्के होते. सॅन अँटोनियोत चिप एंगेलँडच्या हाताखाली पहिल्याच वर्षी ३७.६ झाले. लॉन्झो बॉलचा शॉट न्यू ऑर्लिन्समध्ये फ्रेड विन्सनने जवळपास नव्याने बांधला, आणि तो पहिल्या मोसमातल्या ३०.५ वरून ३७.५ पर्यंत गेला. पण एक ध्यानात घ्या: लेनर्डचे दुसऱ्या मोसमातले फ्री थ्रो ७५.९ टक्के होते. चांगल्या शिक्षकालाही पाया लागतो.

आठवी पायरी: किंमत

लेनर्ड १५ वा गेला आणि त्याच रात्री जॉर्ज हिलच्या बदल्यात सॅन अँटोनियोला मिळाला. ग्रीन ३५ वा. जानिस १५ वा. न-शूटर घेऊन फायद्यात राहिलेल्या गोष्टींत ड्राफ्टमधला असा खालचा क्रमांक वारंवार दिसतो. स्कॉटी बार्न्ससारखा चौथा जाऊन सर्वोत्तम नवोदित ठरलेला खेळाडू आहे, पण तो बॉल हातात घेऊन पास देणारा, मोठ्या अंगाचा फॉरवर्ड. म्हणजे सहाव्या पायरीवरचं वाक्य त्याच्यासाठी पूर्ण होत होतं.

पहिल्या पाचांत तुम्ही फक्त खेळाडू घेत नाही, मागे राहिलेले चार-पाच जणही सोडता. त्यामुळे तिथे मी न-शूटर विंगला जवळजवळ कधीच वर ठेवणार नाही. १० ते २० मध्ये फ्री थ्रो सत्तरीत आणि रचना स्वच्छ असेल तर आनंदाने घेईन. दुसऱ्या फेरीत तर अशांचाच शोध घ्यावा, कारण तिथे डिफेन्सवर मिनिटं मिळवणारा खेळाडूही फायद्याचा.

करारही याच हिशेबात येतो. पहिल्या फेरीतल्या खेळाडूची पहिली दोन वर्षं पक्की, तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाचा निर्णय संघाच्या हातात. खरी मोठी चूक बहुतेकदा त्यानंतर होते. "यंदा सुधारेल" या आशेवर संघ लांब मुदतीचा करार करतात. शार्लटने ऑगस्ट २०१५ मध्ये किड-गिलख्रिस्टशी चार वर्षांचा ५.२ कोटी डॉलरचा करार केला. त्या सुमाराला लीगमध्ये थ्रीचा पूर चढत होता. २०११-१२ मध्ये एक संघ सामन्याला सरासरी १८.४ थ्री मारून पाहत असे, २०२४-२५ मध्ये तो आकडा ३७.६ झाला. जो दोष निवडीच्या दिवशी सहन होण्याजोगा वाटतो, तो सहा वर्षांनी तेवढाच राहत नाही.

निवड झाल्यानंतर

तुमच्या संघाने असा खेळाडू घेतलाच, तर त्याला वेळ द्या, पण मोजमापही ठेवा. पहिल्या मोसमात फ्री थ्रोचे टक्के कॉलेजपेक्षा वर गेले का, एवढंच पाहा. थ्रीचे टक्के तेव्हा सोडून द्या. दुसऱ्या मोसमात कॉर्नरमधून मोकळा पास आल्यावर तो किती वेळा मारतो ते मोजा. हा आकडा वाढत नसेल तर काळजी करा, टक्के कितीही असोत. तिसऱ्या मोसमाअखेर, कराराच्या वाटाघाटींआधी, एनबीएतले दोनशे-तीनशे थ्री जमले असतील, तेव्हा तिसऱ्या पायरीचं गणित नव्याने करा आणि त्यात काल्पनिक प्रयत्नांची संख्या निम्मी करा.

समर लीगचे (जुलैमधल्या, मुख्यतः नव्या खेळाडूंच्या स्पर्धेचे) आकडे मात्र यात अजिबात घेऊ नका. चार-पाच सामन्यांत पंधरा-सोळा थ्री होतात, आणि सोळा प्रयत्नांवर वर्गमुळाचा नियम लावला तर पंचवीस टक्के इकडे किंवा तिकडे जाऊ शकतात. जुलैमध्ये लास वेगासला सोळापैकी आठ पडले म्हणून कुणाचा शॉट बसत नाही, आणि तीनच पडले म्हणून मोडतही नाही.